गेलं वर्ष, पोन वरुषम् आणि आनु पासादु

पोर्तुगीज शिकणाऱ्यांची गाडी 'काल', 'परवा', 'दोन वर्षांपूर्वी' या शब्दांपाशी हमखास अडते. तंजावरच्या मराठी घरात मात्र या कुलपाची चावी साडेतीनशे वर्षांपासून आहे.

तरंगंबाडी हे गाव तंजावरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, अगदी समुद्राला खेटून. ९ जुलै १७०६ रोजी दोन जर्मन धर्मोपदेशक इथं जहाजातून उतरले. एक बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग, वय अवघं चोवीस, आणि दुसरा त्याच्याहून थोडा मोठा, हाइनरिश प्लुत्शाउ. त्यांना धाडलं होतं डेन्मार्कच्या राजानं, कारण तरंगंबाडीची वखार आणि किल्ला डॅनिश लोकांकडे होता. ही जागा त्यांना १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळाली होती. नायक गेले, १६७५-७६ च्या सुमारास शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरचे धनी झाले, आणि हे दोघं उतरले तेव्हा गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे होते.

म्हणजे पाहा, माणसं जर्मन, वखार डॅनिश, राजा मराठा आणि रयत तमिळ. अशा ठिकाणी येऊन पडलेल्या माणसानं पहिली कुठली भाषा शिकावी? या दोघांनी पोर्तुगीजची कास धरली.

त्यामागे साधा व्यवहार होता. जवळच्या नागपट्टिणमहून पोर्तुगीजांची सत्ता १६५८ मध्येच गेली होती. डचांनी ते बंदर जिंकून घेतलं होतं. पण सत्ता गेली तरी भाषा गेली नव्हती. खलाशी, दुभाषे, दलाल, युरोपियनांच्या घरचे नोकर, मिश्र विवाहांतून आलेली कुटुंबं अशा सगळ्यांची मोडकीतोडकी का होईना, समाईक बोली पोर्तुगीज होती. थोड्याच दिवसांत दोघांनी काम वाटून घेतलं. प्लुत्शाउनं पोर्तुगीज सांभाळायची, त्सीगेनबाल्गनं तमिळ. त्यांच्या प्रार्थना दोन्ही भाषांत होत. १७१२-१३ मध्ये तिथं छापखाना आला, त्यातूनही तमिळच्या बरोबरीनं पोर्तुगीज पुस्तकं निघाली. पुढे १७५० मध्ये याच बंदरात उतरलेला ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्त्झ तमिळ, पोर्तुगीज, फारसी आणि मराठीही शिकला. सरफोजीराजांचा पालक म्हणून तंजावरकरांना त्याचं नाव आजही ठाऊक आहे. १७९८ मध्ये तो तंजावरातच वारला. राजांनी त्याच्या स्मरणार्थ इंग्लंडहून करवून आणलेलं संगमरवरी शिल्प शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये अजून पाहायला मिळतं.

बोट दाखवून 'काल' विचारता येत नाही

परक्या भाषेतली नामं शिकणं तसं सोपं. वस्तूकडे बोट दाखवायचं, समोरचा नाव सांगतो. आपण मराठी माणसांनीही पोर्तुगीजांकडून अशीच नामं उचलली. बटाटा, पाव, चावी, पगार, लिलाव हे सगळे शब्द त्यांचेच. स्वयंपाकघरात आणि बाजारात ते इतके रुळले की ते परके आहेत हे सांगावं लागतं. पण 'काल', 'मागच्या आठवड्यात', 'लहानपणी' यांसाठी आपण त्यांचा एकही शब्द घेतला नाही. काल कुठं दिसतो, की त्याच्याकडे बोट दाखवावं? गोव्याच्या कोकणीनं तासासाठी 'वोर' आणि काळासाठी 'तेंप' हे शब्द घेतले खरे, पण 'काल' मात्र तिनंही स्वतःचाच ठेवला.

म्हणूनच पोर्तुगीजचा विद्यार्थी वस्तूंची नावं पटापट पाठ करतो आणि कालची हकीकत सांगायची वेळ आली की गप्प बसतो. पोर्तुगाल आणि ब्राझीलपासून अंगोला, मोझांबिकपर्यंत वीस कोटींहून अधिक लोक ही भाषा बोलतात. नोकरी, शिक्षण किंवा लग्न यांच्या निमित्तानं आपल्याकडची मुलं आता तिथंही जातात. समजा, तंजावरच्या राजवाड्याजवळच्या एखाद्या वीथीतली, घरी मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलणारी मुलगी लिस्बनला निघाली आहे. तिच्या हाती पडतं ते पुस्तक इंग्रजीतून पोर्तुगीज शिकवणारं. त्यात प्रत्येक पानावर अपवाद आणि तळटीपा. हे इंग्रजीसारखं नाही, तेही इंग्रजीसारखं नाही! पोरीला वाटतं, भाषाच अवघड आहे.

खरं तर तिच्या आजीच्या तोंडची मराठी आणि शेजारणीची तमिळ या दोघींना ती सारी वळणं पाठ आहेत. तंजावरातली घरची मराठी म्हणजे शाळेत न शिकवलेली, मुख्य प्रदेशापासून तुटलेली बोली. नव्या पिढीतल्या अनेकांना ती बोलता येते, पण देवनागरी वाचता येत नाही. तिचा उपयोग काय, असा प्रश्न घरातलीच मुलं विचारतात. एक उपयोग तर इथंच सापडतो. (उच्चार देवनागरीत लिहिले आहेत ते अदमासानंच. पोर्तुगीज माणसं अर्धे स्वर गिळून टाकतात आणि ब्राझीलची माणसं ते ऐसपैस उच्चारतात.)

गेला, गेली, गेलं

आधी सगळ्यांत सोपं घेऊ. 'काल' म्हणजे 'ओंतें'. 'काल रात्री' म्हणजे 'ओंतें आ नोइत'. आपल्यासारखाच क्रम, आधी काल, मग रात्र.

आता 'गेल्या वर्षी' पाहा. पोर्तुगीजमध्ये वर्ष म्हणजे 'आनु', आणि गेलेला म्हणजे 'पासादु'. 'नु आनु पासादु' म्हणजे गेल्या वर्षी. आठवडा म्हणजे 'सॅमाना', तो त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून लगेच 'ना सॅमाना पासादा'. दु चा दा झाला. आपण गेला महिना, गेली दिवाळी, गेलं वर्ष म्हणतो, अगदी तेच. काळ हा चालत जाणारा प्राणी आहे आणि तो निघून गेला, ही कल्पनाही तीच, आणि नामाच्या लिंगाप्रमाणे शेपूट बदलायची रीतही तीच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे लिंग-प्रकरण घाम फोडतं. मराठी मुलगी ते श्वास घेतल्यासारखं करते.

तमिळमध्येही काळ 'गेलेला'च असतो. 'पोन वारम्' म्हणजे गेला आठवडा, 'पोन वरुषम्' म्हणजे गेलं वर्ष. फक्त तमिळ 'पोन' कुणासाठी बदलत नाही, आठवडा असो की वर्ष. तेव्हा कल्पना तिन्ही भाषांत एक आणि व्याकरण मराठी-पोर्तुगीजचं एक. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

वारांची मात्र गंमत आहे. पोर्तुगीजांनी सोमवार ते शुक्रवार यांना नावंच दिली नाहीत, नुसते आकडे दिले. सोमवार म्हणजे 'सगुंदा-फैरा', म्हणजे दुसरा. मंगळवार तिसरा, असं करत शुक्रवार सहावा. पहिला कोण? रविवार. आपल्याही आठवड्याची मोजणी रविवारपासूनच होते, त्यामुळे गोंधळायचं कारण नाही. हे पाचही वार स्त्रीलिंगी, म्हणून 'गेल्या सोमवारी' साठी 'पासादा', पण शनिवार-रविवार पुल्लिंगी, तिथं 'पासादु'.

येऊन दोन वर्षं झाली

पुस्तकं खरी अडखळतात ती 'आ' या एका अक्षराशी. लिहिताना त्याला मागे एक मुका ह असतो, बोलताना नुसता 'आ'. मूळ अर्थ 'आहे'. 'आ दोइश आनुश' म्हणजे शब्दशः 'दोन वर्षं आहेत', आणि भावार्थ 'दोन वर्षांपूर्वी'. इंग्रजी वाचकाला हे चमत्कारिक वाटतं, मग त्याच्यासाठी अर्धं पान स्पष्टीकरण येतं.

मराठीत आपण काय म्हणतो? "मला इथं येऊन दोन वर्षं झाली." तंजावरची तमिळ बाई काय म्हणेल? "वंदु रेंडु वरुषम् आच्चु." येऊन दोन वर्षं झाली, शब्दाला शब्द. काळ किती साठला ते क्रियापदानं सांगायचं, ही चाल आपल्या घरातली. ब्राझीलमध्ये तर 'आ' ऐवजी 'फास दोइस आनुस' असंही सर्रास म्हणतात, म्हणजे 'दोन वर्षं होतात'. मग राहिलं काय समजावायचं?

याच 'आ' चा दुसरा उपयोग. 'शेगै आ दोइश आनुश' म्हणजे मी दोन वर्षांपूर्वी आले. 'मोरु आकी आ दोइश आनुश' म्हणजे मी दोन वर्षांपासून इथं राहते. 'आ दोइश आनुश' दोन्हीकडे तेच. फरक फक्त क्रियापदाचा. पहिलं भूतकाळी, दुसरं चक्क वर्तमानकाळी. आपणही 'राहते' किंवा 'राहतेय' असंच म्हणतो. अजून राहते आहे ना, मग वर्तमानकाळ. इंग्रजीला इथं दोन-दोन सहायक क्रियापदं जोडावी लागतात, आणि इंग्रजी वाटेनं आलेला विद्यार्थी तीच जोडणी पोर्तुगीजमध्ये करायला जाऊन फसतो.

कानाला मात्र जपायला हवं. 'दाकी आ दोइश आनुश' म्हणजे 'इथून पुढं दोन वर्षांनी'. हा 'आ' वेगळा, त्याला ह नाही, पण बोलताना दोन्ही जवळपास सारखेच. लिहिताना मातृभाषिकही या दोन 'आ'ची अदलाबदल करतात. तेव्हा आधी 'दाकी' ऐकू आलं की नाही, एवढं पाहायचं. आलं तर पुढचं, नाही तर बहुधा मागचं.

मागे की पुढे?

'दोइश आनुश अत्राश' असंही म्हणतात. 'अत्राश' म्हणजे मागे. दोन वर्षांमागे. मराठीत हे सांगायला भाषांतर करावंच लागत नाही. आपल्या लेखी भूतकाळ पाठीमागे असतो, 'मागच्या वर्षी', आणि येणारा काळ पुढे, 'पुढच्या वर्षी'. पोर्तुगीजांचंही तसंच.

इथं तमिळ साथ सोडते. तमिळमध्ये 'मुन्नाडी' म्हणजे समोर, आणि 'मुन्नाडी' म्हणजेच पूर्वी. 'रेंडु वरुषत्तुक्कु मुन्नाडी' म्हणजे दोन वर्षांपूर्वी, शब्दशः दोन वर्षांच्या पुढ्यात. 'पिन्नाडी' म्हणजे पाठीमागे, आणि नंतरही! जे घडून गेलं ते डोळ्यांसमोर आहे, आणि जे यायचं ते पाठीमागून येतंय, असं काहीसं. दोन्ही भाषा बोलणारं तंजावरचं पोर दिवसातून दहा वेळा ही दिशा फिरवतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. अशा पोराला पोर्तुगीज शिकवताना एवढंच सांगावं, की बाळा, इथं मराठी बाजूनं उभा राहा.

गेलो आणि जायचो

आता क्रियापद. पोर्तुगीजमध्ये साधे भूतकाळ दोन. एकदा घडून संपलेल्या गोष्टीसाठी एक, आणि घडत असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी दुसरा. 'फालै' म्हणजे मी बोललो. 'फालावा' म्हणजे मी बोलायचो, किंवा बोलत होतो. हा दुसरा भूतकाळ इंग्रजी माध्यमवाल्यांना वर्षभर छळतो, कारण कुठला कधी वापरावा हे त्यांच्या भाषेतलं क्रियापद नेहमी दाखवत नाही.

आपल्याकडे शाळेतच 'रीति भूतकाळ' शिकवतात. तो रोज देवळात जाई, जात असे, जायचा. पोर्तुगीज शिकताना मनात मराठी वाक्य करावं. 'जायचो' किंवा 'जात होतो' आलं तर दुसरा भूतकाळ, 'गेलो' आलं तर पहिला. चूक क्वचितच होईल. वेळेचे शब्दही आपल्या-आपल्या क्रियापदाशी जोडी जमवून असतात. 'ओंतें' म्हणजे काल, 'उमा वेश' म्हणजे एकदा, हे आले की बहुधा पहिला. 'आंतिगामेंत' म्हणजे पूर्वी, 'नाकेल तेंपु' म्हणजे त्या काळी, 'तोदुश उश दीयश' म्हणजे रोज, हे आले की दुसरा. 'क्वांदु एव एरा क्रियांसा', म्हणजे मी लहान होतो तेव्हा, हाही दुसराच. आणि गोष्टीची सुरुवात, आपली 'आटपाट नगर होतं', तिथं ते म्हणतात 'एरा उमा वेश'. पुन्हा दुसराच.

तमिळची इथं आणखी वेगळी तऱ्हा. 'लहानपणी मी रोज देवळात जायचो' हे सांगताना तमिळ माणूस 'पोवेन' म्हणतो, म्हणजे रूप भविष्यकाळाचं. तेव्हा इथंही मराठी बाजूच धरावी.

'जेवलीस का?' याला आपण 'जेवले' म्हणतो आणि विषय संपतो. पोर्तुगीजमध्येही 'झा कुमी', म्हणजे झालं, जेवले. साधा पहिला भूतकाळ पुरतो. 'झा' हा छोटा शब्द 'उरकलं' एवढं सांगतो. इंग्रजीचा 'आहे' लावलेला भूतकाळ इथं ओढून आणला तर अर्थच बदलतो. त्यांच्याकडे तसा जोडभूतकाळ आहे, पण त्याचा अर्थ होतो 'हल्ली पुन्हा पुन्हा करत आलोय'. म्हणजे 'जेवण झालं' म्हणायला जावं आणि 'सध्या मी सारखी जेवतेच आहे' असं निघावं!

सगळं सोपंच आहे असं मात्र नाही. मराठी क्रियापद लिंग सांगतं, गेला, गेली, गेलं. पोर्तुगीजमध्ये तिन्हींना एकच 'फोइ'. आणि हाच 'फोइ' म्हणजे 'होता', 'होती', 'होतं' सुद्धा! जाणं आणि असणं या दोन क्रियापदांचा पहिला भूतकाळ त्यांच्याकडे एकच आहे. तो गेला की तो होता, हे पुढच्या शब्दांवरून ओळखायचं. 'मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला' ही आपली कसरतही तिथं नाही. पोळी असो की आंबा, 'कुमी' ते 'कुमी'च. मराठी माणसाला ही सवलत इतकी मोठी वाटते, की तो उगाच काहीतरी बदलायला जातो.

'परवा' चा घोळ

आणि एका शब्दानं मराठी माणूस हमखास तोंडावर पडतो. 'परवा'. परवा आलो आणि परवा येईन, शब्द एकच. ऐकणाऱ्याला क्रियापद येईपर्यंत थांबावं लागतं. 'तेरवा' चंही तेच. तमिळमध्ये असं नाही. गेलेला परवा 'मुंदानाळ' आणि येणारा 'नाळै मरुनाळ'. पोर्तुगीजमध्येही दोन वेगळे, गेलेला 'आंत्योंतें' आणि येणारा 'दपोइश द आमान्या'. 'आंत्योंतें' म्हणजे 'कालच्या आधीचा', ओंतेंच्या आधी. इतका वेळ मराठीची तरफदारी केली, पण इथं तमिळ मुलगी पुढं जाते हे मान्य करायला हवं. गेलेल्या 'तेरवा' साठी मात्र पोर्तुगीज माणूस सहसा स्वतंत्र शब्दाच्या वाटेला जात नाही, सरळ 'आ त्रेश दीयश' म्हणतो, तीन दिवस झाले.

जुन्या कागदांत यापेक्षा मोठा चकवा आहे, आणि त्याची झळ गोव्यात मुळं असलेल्या मराठी कुटुंबांना बसू शकते. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगीज सत्ता होती. तेव्हाच्या जन्म-विवाहाच्या नोंदी, खरेदीखतं, वाटणीपत्रं पोर्तुगीजमध्ये आहेत आणि वारसाहक्काच्या, जमिनीच्या कामात अजून बाहेर काढावी लागतात. या कागदांत 'मेश प्रॉसिमु पासादु' असा शब्दप्रयोग येतो. 'मेश' म्हणजे महिना. 'प्रॉसिमु' म्हणजे पुढचा, असं आजच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात शिकवतात. म्हणून नवखा माणूस 'पुढचा महिना' वाचून मोकळा होतो. पण मूळ अर्थ 'सगळ्यांत जवळचा', आणि 'प्रॉसिमु पासादु' म्हणजे जवळचा गेलेला, म्हणजे नुकताच संपलेला महिना. ५ मार्चच्या पत्रात 'प्रॉसिमु पासादु' महिन्याची २० तारीख असेल, तर ती २० फेब्रुवारी. एप्रिल नव्हे. कधी याचं नुसतं 'पे पे' असं दोन अक्षरांत संक्षिप्त रूप करतात, मग तर ते नजरेतूनच सुटतं. दस्तात व्यवहार झाला की व्हायचा आहे, हा सगळा फरक त्या एका 'पासादु' वर टांगलेला असतो.

तारखाही या कागदांत आकड्यांत नसतात, अक्षरांत असतात. 'आउश देझानोव दीयश दु मेश द देझेंब्रु', म्हणजे डिसेंबर महिन्याच्या एकोणीस दिवशी, आणि मग अख्खं वर्ष अक्षरात. आपल्या जुन्या पत्रांतल्या मिती-शके-संवत्सराची आठवण व्हावी असं भारदस्त. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी भोसले कुळाचा जो प्रचंड मराठी इतिहास कोरवून घेतला तो १८०३ सालचा, म्हणजे शके १७२५, रुधिरोद्गारी संवत्सर. संवत्सराचं नाव साठ वर्षांनी पुन्हा येतं, म्हणून शकाचा आकडा सोबत लागतोच. युरोपियनांचाही गोंधळ कमी नव्हता. कॅथलिक पोर्तुगालनं नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका १५८२ मध्येच घेतली, डेन्मार्कनं १७०० मध्ये. म्हणजे १६२० साली तरंगंबाडीचा डॅनिश वखारवाला आणि नागपट्टिणमचा पोर्तुगीज व्यापारी एकाच सकाळी उठून दोन वेगळ्या तारखा लिहीत असणार, मध्ये दहा दिवसांचं अंतर!

कोर्लईचं एक 'ओ'

पुस्तक नसताना माणसांनी पोर्तुगीज भूतकाळ कसा शिकला, हे पाहायचं तर तंजावरहून आपल्या रायगड जिल्ह्यात यावं लागेल. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, मराठ्यांनी तो मुलूख घेतला. पण तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी आजही पोर्तुगीजपासून झालेली एक बोली आहे. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, आपली भाषा. चहूबाजूंनी मराठी असल्यानं तिचं क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं आहे. आणि भूतकाळ? पोर्तुगीजमध्ये मी, तू, तो, आम्ही या प्रत्येकाला वेगळा प्रत्यय. कोर्लईकरांनी त्यातला एक 'ओ' उचलला. 'कांतो' म्हणजे गायलं. मी गायलो, तू गायलास, ते गायले, सगळ्यांना 'कांतो'. श्रीलंकेतल्या मिश्र पोर्तुगीज बोलीनं दुसरी युक्ती केली. क्रियापद आहे तसंच ठेवायचं आणि आधी 'जा' लावायचा. हा 'जा' म्हणजे मघाचा 'झा', उरकलं. लावला की झाला भूतकाळ.

शाळा न पाहिलेल्या माणसांनी केलेली ही काटछाट नव्या विद्यार्थ्याला धीर देणारी आहे. क्रियापदाचा प्रत्यय चुकला तरी वाक्यात 'ओंतें' किंवा 'आ दोइश आनुश' नीट बसलं असेल, तर ऐकणारा बिनचूक समजतो. म्हणून प्रत्ययांचे तक्ते घोकण्याआधी हे वेळेचे पंधरा-वीस शब्द पक्के करावेत असं आम्हाला वाटतं. बहुतेक शिकवण्या नेमकं उलट करतात.

मराठीतून पोर्तुगीज शिकवण्याची कल्पना कुणाला विचित्र वाटत असेल, तर उलट्या दिशेचा दाखला आहे. १७७८ साली रोममध्ये एक मराठी व्याकरण छापलं गेलं. विल्यम केरीच्या सेरामपूरच्या १८०५ सालच्या मराठी व्याकरणाच्या कितीतरी आधी. त्याचं नाव 'ग्रामातिका मराष्टा', आणि ते लिहिलं होतं पोर्तुगीजमध्ये. मराठी मुलखात जाणाऱ्या मिशनऱ्यांनी 'गेलो, गेलास, गेला' शिकावं ते थेट पोर्तुगीजच्या आधारानं. इंग्रजी मध्ये नव्हतीच.

आपल्या लिस्बनला निघालेल्या मुलीनंही तेच करून पाहावं. विमानात बसण्याआधी महिनाभर, रात्री जेवताना, दिवसाची हकीकत आजीला मराठीत सांगायची आणि मनातल्या मनात एकेक वाक्य पोर्तुगीजमध्ये वळवायचं. सकाळी बाजारात गेले, 'फुई'. लहानपणी आजोबांबरोबर जायचे, 'ईया'. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली, 'आ सिंकु आनुश'. आणि 'परवा' म्हणायची वेळ आली, की आधी मागचा की पुढचा ते ठरवून घ्यायचं.